मला सोडतच नाही हो! चिकटणाऱ्या मुलाला बालवर्गात कधी घालावं, हे ठरवण्याची रीत

“मला सोडतच नाही हो. यंदा घालू की अजून एक वर्ष थांबू?” मी बालवर्गात शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी हिवाळा सरता सरता कानावर येतोच. विचारणाऱ्या बहुतेक घरांत तोवर फी भरून झालेली असते. मे महिन्यात दप्तर, डबा, बूट येतात. जूनच्या मध्यावर एका सकाळी मूल आईच्या ओढणीला गच्च धरून दाराशी उभं राहतं, आणि तयारीचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा होतो. हा क्रम उलटा आहे. आधी मूल पाहावं, मग त्याची तयारी करावी, मग शाळा पाहावी आणि फी सगळ्यात शेवटी भरावी.

दोन ते साडेतीन वर्षांच्या, घरातल्या एकाच माणसाला घट्ट धरून असलेल्या मुलांसाठी हे लिहिते आहे. ते माणूस बहुधा आई असते, पुष्कळ घरांत आजी असते, कुठे बाबाही असतात. एक गोष्ट आधीच सांगते, कारण बहुतेकांची गल्लत तिथेच होते. दाराशी मूल रडलं यावरून ते तयार नाही असं ठरत नाही. रडताना दुसऱ्या मोठ्या माणसाने जवळ घेतलं तर ते शांत होतं का, हे बघायचं असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

## १. वयाचं गणित कागदावर मांडा

महाराष्ट्रात नर्सरीसाठी किमान ३ वर्षं आणि पहिलीसाठी किमान ६ वर्षं पूर्ण लागतात, आणि ती मोजायची तारीख ३१ डिसेंबर आहे. शाळा मात्र जूनमध्ये सुरू होते. त्यामुळे एकाच वर्गातल्या दोन मुलांत खूप अंतर पडतं. जानेवारी २०२३ मध्ये जन्मलेलं मूल जून २०२६ मध्ये जवळजवळ साडेतीन वर्षांचं असेल. डिसेंबर २०२३ मध्ये जन्मलेलं मूल त्याच दिवशी त्याच वर्गात अडीच वर्षांचं असेल. या वयात एक वर्षाचा फरक फार मोठा असतो. एकाचं बोलणं वाक्यांत चालतं, दुसऱ्याला अजून “ते दे” एवढंच येतं.

मूल ऑगस्ट ते डिसेंबरचं असेल आणि चिकटही असेल, तर “नियमात बसतंय म्हणून घालू” एवढ्यावर ठरवू नका. नियम किमान वय सांगतो. वर्षभर थांबायचं असेल तर हव्या त्या शाळेत कमाल वयाची काही अट आहे का, ते मात्र आधी विचारून घ्या. शिक्षण हक्क कायद्याखालच्या (आरटीई) मोफत २५ टक्के जागांवर अर्ज करणार असाल तर तिथली वयोमर्यादा त्या वर्षीच्या सूचनेत नीट वाचा.

तीन वर्षांच्या आतल्या मुलाचा प्लेग्रुप पूर्णपणे ऐच्छिक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही पायाभूत टप्पा तिसऱ्या वर्षापासून धरला आहे. अडीचव्या वर्षी घरी राहिलेल्या मुलाचं शिक्षण मागे पडत नाही.

इथे थांबून पाहा: तुम्हाला शाळा हवी आहे की मुलाला सांभाळणारं कोणी हवं आहे? दोघंही नोकरीला जाणार आणि घरी कोणी नाही, ही खरी गरज आहे. तिचं उत्तर चांगलं पाळणाघर हे असू शकतं. तीन तासांच्या नर्सरीने ती गरज भागत नाही आणि मुलाला दिवसात दोन नव्या जागा बदलाव्या लागतात. पाळणाघर लागणारच असेल तर ते आधी, एप्रिलमध्ये सुरू करा. तिथे मूल रुळलं की मग शाळा.

## २. दोन आठवडे नोंद ठेवा

घरात “ते सारखं चिकटतं” असं म्हटलं जातं. सारखं म्हणजे नेमकं कधी? एक साधी वही घ्या आणि चौदा दिवस रोज रात्री चार ओळी लिहा: आज कुणापासून दूर होताना रडलं, किती वेळ रडलं, कशाने थांबलं, आणि त्या वेळी झोपेची किंवा भुकेची वेळ होती का. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल, पण लिहाच. आठवणीवर विसंबलं की सगळ्यात वाईट दिवसच लक्षात राहतो.

दोन आठवड्यांनी वही उघडली की चिकटण्याचे प्रकार वेगळे दिसू लागतात. दुपारी साडेबारानंतरच चिकटणारं मूल झोपेला आलेलं असतं. पाहुण्यांसमोर अंग चोरणारं पण अर्ध्या तासात त्यांच्या पिशवीत डोकावणारं मूल बुजरं आहे, त्याला फक्त वेळ लागतो. धाकटं भावंड आलं, घर बदललं, दवाखान्यात राहावं लागलं, आजी गावी गेली, यानंतर अचानक चिकटू लागलेलं मूल हादरलेलं असतं. त्याला सावरायला दोन-तीन महिने द्या. या मुलांचा शाळेचा निर्णय आज घेऊच नका.

जवळचं माणूस दिसेनासं झालं की रडणं साधारण आठव्या महिन्याच्या आसपास सुरू होतं, दीड वर्षापर्यंत जोरात असतं आणि तिसऱ्या वर्षाकडे बहुतेक मुलांत हळूहळू ओसरतं. तुमच्या वहीत ते ओसरताना दिसतंय का, की दोन महिन्यांपूर्वी होतं त्याहून वाढलंय? दिशा कळली तरी पुष्कळ झालं.

## ३. तयारी कशात पाहायची

बहुतेक आई-बाबा चुकीच्या गोष्टी मोजतात. एबीसीडी, रंगांची नावं, शंभरपर्यंत आकडे, इंग्रजी कविता यातलं काहीही यायची गरज नाही. ते सगळं शाळेतच व्हायचं आहे. मी पहिल्या आठवड्यात मुलांत काय पाहते ते सांगते.

सगळ्यात आधी, दुसऱ्याकडून सांत्वन घेता येणं. पडल्यावर आई जवळ नसेल आणि मावशीने उचललं तर ते तिच्या खांद्यावर डोकं टेकतं का? सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं रडेल, त्याची काळजी नाही. पण आईशिवाय कुणीही हात लावला की अंग ताठ करत असेल, श्वास अडकेपर्यंत रडत असेल, आणि महिनाभर सराव करूनही हे बदललं नसेल, तर ते मूल अजून तयार नाही. बाकी सगळं उत्तम असलं तरीही.

दुसरं, गरज सांगता येणं. वाक्य नको, शब्द किंवा खूण पुरे: पाणी, शू, दुखतंय, नको. इथे एक बारीक गोष्ट हमखास राहून जाते. प्रत्येक घराचे शब्द वेगळे असतात. एका मुलीला पाणी हवं असलं की ती “मम” म्हणायची, आणि आम्ही दोन दिवस तिच्यापुढे खाऊचा डबा उघडत होतो. मुलाचे असे दहा-बारा खास शब्द एका कागदावर लिहून ताईंना द्या. घरी मराठी, मालवणी किंवा अहिराणी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर हा कागद आणखी गरजेचा. शूसाठी शाळेत कोणता शब्द वापरतात तेही विचारा आणि तो घरी आधीपासून वापरू लागा.

तिसरं, शी-शू. बहुतेक मुलं अडीच ते साडेतीन या काळात हे शिकतात. काही शाळा डायपर घातलेलं मूल घेतात, काही घेत नाहीत. शाळेसाठी मे महिन्यात घाईने डायपर सोडवू नका. चिकट मुलं अशा घाईत शी दाबून धरू लागतात, मग खडा होतो, दुखतं, आणि दुखतं म्हणून आणखी दाबतात. ते सुटायला महिने जातात.

डब्यातले दोन घास स्वतःच्या हाताने खाणं आणि सकाळी न झोपता तीन तास जागं राहणं, हे दोन्ही चार-सहा आठवड्यांत बसवता येतं. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते. आठची शाळा असेल तर रात्री साडेअकराला झोपणारं मूल सकाळी दाराशी रडणारच, आणि ते रडणं तुम्ही चिकटपणाच्या खात्यावर लिहाल.

सावधान: दोन वर्षं पूर्ण होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, नजर देत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरत चाललं असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानांची तपासणी करून घ्या. “शाळेत गेलं की बोलेल” म्हणून वर्ष घालवू नका. अनेक जिल्हा रुग्णालयांशी जोडलेली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथे ही तपासणी होते.

## ४. दूर जाण्याचा सराव, घरापासून सुरू

किमान सहा आठवडे हाताशी ठेवा. जूनमध्ये शाळा असेल तर एप्रिलच्या अखेरीस सुरुवात व्हायला हवी. क्रम सोडू नका, कारण प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट नवी असते.

पहिला टप्पा: जागा आपली, माणूस ओळखीचं. मूल आजी-आजोबा किंवा बाबांजवळ, तुम्ही बाहेर. पहिल्यांदा दहा मिनिटं, मग वीस, मग तास. दूध आणायला जा, जिन्यात बसून राहा, काहीही करा, पण सांगितलेल्या वेळी परत या. घड्याळ मुलाला कळत नाही. “तुझा खाऊ खाऊन झाला की येते” हे कळतं.

दुसरा टप्पा: जागा दुसऱ्याची, माणूस ओळखीचं. आत्या, मावशी, शेजारच्या काकू. आधी तुम्ही सोबत दोनदा जाऊन या, मग सोडून या.

तिसरा टप्पा: नवी जागा, नवी मुलं, पण तुम्ही बाकावर बसलेल्या. बाग, वाचनालयातला मुलांचा कोपरा, गल्लीतली अंगणवाडी. अंगणवाडीचा सरावासाठी फार चांगला उपयोग होतो. ती घराजवळ असते, ताई ओळखीच्या असतात आणि तीन वर्षांवरच्या मुलांसाठी तिथे पूर्वप्राथमिक वर्ग असतोच. मूल तुमच्यापासून किती दूर जातं आणि किती वेळाने मागे वळून पाहतं, ते बघा. मध्ये येऊन मांडीला हात लावून पुन्हा पळणारं मूल छान चाललंय असं समजा.

चौथा टप्पा: नवी जागा आणि तुम्ही नाही. हा टप्पा शक्यतो शाळेतच, ताईंच्या मदतीने करायचा. पुढे सहाव्या भागात तो येईल.

रोज पाच मिनिटं खेळही खेळा: बुवा-कुक, लपाछपी, पांघरुणाखाली लपणं. दिसेनासं झालेलं माणूस परत येतं, हे मूल त्यातून हसत शिकतं.

सगळ्यात मोठी चूक: चकवून जाणं. घरातलं कोणी “तो बघ काऊ” म्हणून खिडकीशी नेतं आणि आई मागच्या मागे निसटते. त्या दिवशी रडणं टळतं. पण मुलाला कळतं की नजर काढली की आई जाते, म्हणून ते नजर काढतच नाही. मग ते न्हाणीघराच्या दाराशीही बसून राहतं. माझ्याकडे येणाऱ्या खूप चिकट मुलांच्या घरी चौकशी केली की हेच निघतं. सांगून जा, रडलं तरी सांगून जा. एक पापा, एक टाटा, ठरलेलं एक वाक्य, आणि चालू लागा. दारातून तीनदा परत येऊ नका.

इथे थांबून पाहा: दुसऱ्या टप्प्यावर मूल तासभर राहतं आणि रडणं पंधरा मिनिटांच्या आत थांबतं का? थांबत असेल तर शाळा बघायला लागा. पहिल्याच टप्प्यावर महिना गेला असेल तर या जूनचा हट्ट सोडा.

## ५. शाळा पाहताना काय विचारायचं

प्रवेशाच्या दिवशी फुगे असतात, त्यावरून काही कळत नाही. साध्या कामाच्या दिवशी, शाळा सुटण्याच्या वेळी बाहेर उभं राहून मुलं कशी बाहेर येतात ते पाहा. मग आत जाऊन हे विचारा: मूल रडलं तर त्याला कोण घेतं? पहिल्या आठवड्यात पालकांना आत बसू देता का? किती दिवस? स्वच्छतागृहात कोण नेतं, आणि त्या मावशींची पोलीस पडताळणी झाली आहे का? घ्यायला दुसरं कोणी आलं तर मूल कुणाच्या ताब्यात देता?

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या खासगी प्लेस्कूलसाठीच्या सूचनांमध्ये २० मुलांमागे एक शिक्षक आणि एक मदतनीस, आणि दिवसाला तीन-चार तासांची शाळा असं प्रमाण दिलं आहे. चिकट मुलासाठी मी याहून कमी मुलांचा वर्ग शोधा म्हणेन. रडणाऱ्या मुलाला कडेवर घ्यायला कोणाचा तरी हात मोकळा हवा.

“पहिल्या दिवसापासून गेटवरच सोडायचं, दोन दिवस रडतील आणि गप्प बसतील” असं उत्तर मिळालं, तर तुमचं मूल चिकट असताना ती शाळा घेऊ नका. गप्प बसलेलं मूल आणि रुळलेलं मूल यांत फरक आहे. गप्प बसलेलं मूल डबा उघडत नाही, खेळण्याला हात लावत नाही, दाराकडे पाहत राहतं.

## ६. पहिले पंधरा दिवस

त्या महिन्यात दुसरा कोणताही मोठा बदल करू नका. अंगावरचं दूध सोडवणं, वेगळ्या खाटेवर झोपवणं, डायपर सोडवणं, घर बदलणं, हे सगळं निदान सहा आठवडे मागे-पुढे न्या.

शाळेची परवानगी असेल तर असं करा. पहिले दोन दिवस एक तास, तुम्ही वर्गातच, पण एका कोपऱ्यात. मुलाशी खेळू नका, ताईंना खेळू द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी “मी पाणी पिऊन येते” म्हणून दहा मिनिटं बाहेर, आणि परत. पाचव्या दिवशी अर्धा तास बाहेर. दुसऱ्या आठवड्यात दाराशी टाटा, आत दीड तास, मग हळूहळू पूर्ण वेळ. एखादा दिवस बिघडला तर आदल्या दिवसाच्या वेळेवर या आणि तिथून पुढे चला. पहिल्या दिवसापर्यंत मागे जायची गरज नसते.

सोडायला कोण जातं याने फार फरक पडतो. ज्याला मूल चिकटतं, त्याने घरच्या दाराशी निरोप घ्यावा आणि शाळेत बाबांनी किंवा आजोबांनी न्यावं. एका मुलाने आईबरोबर आठ दिवस भोकाड पसरलं, आणि बाबांबरोबर पहिल्याच दिवशी ते डोळे पुसत आत गेलं. आईचं काही चुकत नव्हतं. तिचा पदर हाताशी होता, म्हणून ते धरत होतं.

दप्तरात घरचं काहीतरी असू द्या: आईचा रुमाल, आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. हसू नका, त्या वासाने मूल शांत होतं. ताईंना मात्र आधी सांगा, नाहीतर तो धुवायला जातो. जून म्हणजे पाऊस, म्हणून कोरडे कपडे आणि मोजे जास्तीचे द्या. ओल्या मोज्यात कुडकुडणारं मूल आईलाच आठवतं.

घ्यायला वेळेच्या पाच मिनिटं आधी पोहोचा. बाकीची मुलं निघून गेल्यावर एकटं उरलेलं मूल दुसऱ्या दिवशी दाराशी दुप्पट रडतं.

घरी येताना “रडलास का?” हा प्रश्न टाळा. मूल त्या प्रश्नावरून शाळेचा अर्थ लावतं. “आज डब्यातलं कुणी खाल्लं?” असं काही विचारा, नाहीतर काहीच विचारू नका आणि कडेवर घ्या. “बाई मारतील हं” किंवा “त्रास दिलास तर शाळेत ठेवून येईन” अशी धमकी घरात कोणी देत असेल तर ती आजच बंद करा. आजीचे डोळे दाराशी भरून येत असतील तर तिला प्रेमाने घरी थांबायला सांगा.

पहिल्या पावसाळ्यात सर्दी-खोकला वारंवार होतो, त्याने घाबरू नका. ताप असेल तर मूल घरीच ठेवा. मात्र निव्वळ रडतंय म्हणून एक दिवसाआड सुट्टी दिली तर सवय लागत नाही. चार-पाच दिवसांची सुट्टी झाली की रडणं पुन्हा येतं. गणपतीनंतर येईल, दिवाळीनंतर तर नक्की येईल. ते दोन-तीन दिवसांत जातं.

## ७. चालू ठेवायचं की थांबायचं

तीन आठवडे झाले की वही पुन्हा काढा आणि ताईंना चार गोष्टी विचारा: आत गेल्यावर किती मिनिटं रडतं, डबा खातं का, कुणा एका ताईजवळ जातं का, एखाद्या तरी खेळात रमतं का. दाराशी आरडाओरडा आणि आत दहा मिनिटांनी खेळ, असं असेल तर चालू ठेवा. दाराशी शांत पण आत तीन तास न बोलता, न खाता बसून राहणं जास्त काळजीचं आहे.

चार आठवडे नियमित जाऊनही रडणं कमी होत नसेल, रात्री दचकून उठत असेल, सुटलेली शी-शू पुन्हा कपड्यात होऊ लागली असेल, सकाळी पोटदुखी किंवा उलटी रोजची झाली असेल, तर थांबा. आधी तासांची संख्या अर्ध्यावर आणून एक आठवडा पाहा. तरी तसंच राहिलं तर शाळा बंद करा आणि बालरोगतज्ज्ञांशी बोला. भरलेल्या फीपायी मुलाला ओढत नेऊ नका.

सावधान: शाळेत छान जाणारं मूल अचानक एखाद्या विशिष्ट माणसाला, खोलीला किंवा स्वच्छतागृहाला घाबरू लागलं, किंवा अंगावर न सांगता येणारे व्रण दिसले, तर हा चिकटपणाचा प्रश्न नाही. त्याच दिवशी मूल घरी ठेवा, शांतपणे ऐका, डॉक्टरांना दाखवा. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक मोफत आहे.

थांबायचं ठरलं तर मुलासमोर “हिला जमलंच नाही” असं कुणालाही, फोनवरसुद्धा, सांगू नका. “शाळा आता दिवाळीनंतर” एवढंच म्हणा. मधल्या काळात चौथ्या भागातला सराव जिथे अडला होता तिथून पुन्हा सुरू करा आणि आठवड्यातून दोन-तीनदा इतर मुलांत नेत राहा. नोव्हेंबरमध्ये घेतील का, अर्धी फी चालेल का, हे शाळेला सप्टेंबरमध्येच विचारून ठेवा. दिवाळीनंतर वर्गात इतर मुलं रुळलेली असतात, रडणारी थोडी असतात, त्यामुळे ताईंना नव्या मुलाला कडेवर घेऊन फिरायला वेळ मिळतो. तेव्हाही पहिले दोन दिवस तुम्ही कोपऱ्यात बसायचं, आणि पाणी प्यायला म्हणून उठायचं ते सांगूनच.